काकूंच्या पुढच्या खोलीतली राष्ट्रीय संघटना

खेळाचं नाव मी लिहीत नाही. देशात एका खेळाची एकच मान्यता असलेली संघटना असते, नाव लिहिलं की माणसं कळतात, आणि त्यांच्यापैकी कुणालाही मी विचारलेलं नाही. जाळीवरून चेंडू मारायचा खेळ आहे, बंद हॉलमध्ये खेळतात, एका वेळी चार जणी कोर्टवर असतात, आणि कुणालाही सांगितलं की तो "म्हणजे व्हॉलीबॉलच ना?" असं विचारतो. एवढं पुरे.

मी एम.कॉम. करून घरी बसले होते. आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले, वडील पुढे कारखान्यात लागले, आणि आमचं क्वार्टर पिपलानीत. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये जेवणाची पंगत असते, तिथे मी पापड वाढत होते आणि माझ्यामागून एक उंच, सावळ्या, पांढऱ्या केसांच्या बाई वरण वाढत येत होत्या. वाढता वाढताच त्यांनी विचारलं, "तू कारखान्यातल्या देशपांडे-बिशपांडे कुणाची ग?" मी वडिलांचं नाव सांगितलं. "इंग्रजीत पत्र लिहिता येतं?" येतं म्हटलं. "हिंदी टायपिंग?" तेही येतं म्हटलं. "आणि फोनवर नाही म्हणता येतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे समोरचा कितीही मोठा असू दे, त्याला 'सर, यह संभव नहीं है' असं न घाबरता म्हणता येतं का?"

मी म्हटलं, शिकेन. त्यांनी वरणाची बादली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "सोमवारी ये. इंद्रपुरीत. गेटवर पाटी आहे."

पाटी वहीच्या पानाएवढी होती. तिच्यावर त्या खेळाच्या अखिल भारतीय संघटनेचं नाव, खाली 'मुख्य कार्यालय'. आत त्या बाईंच्या, म्हणजे काकूंच्या, घराची पुढची खोली. एक दिवाण, दोन लोखंडी कपाटं, एक प्रिंटर, त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून भरतकाम केलेला रुमाल. या खोलीतून देशाचा संघ ठरायचा आणि परदेशी जायचा. मला पहिल्या दिवशी हसूच आलं. काकूंनी ते पाहिलं आणि त्याही हसल्या. "दिल्लीला ऑफिस असतं तर भाडं भरण्यातच खेळ संपला असता," म्हणाल्या.

काकू मूळच्या ग्वाल्हेरच्या. तरुणपणी स्वतः हा खेळ खेळल्या, मग शाळेत पी.टी. शिकवली, आणि निवृत्तीच्या थोडं आधी संघटनेच्या सरचिटणीस झाल्या. पगार नाही. काका कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. त्यांनी संघटनेचं आवक-जावक रजिस्टर स्वतःकडे घेतलं होतं आणि ते असं ठेवायचे की कुठल्या राज्याचं कुठलं पत्र कधी आलं हे कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत ते तोंडी सांगायचे. चहाही तेच करायचे. सुरुवातीला मला फार संकोच वाटला, मी उठायला लागले तर म्हणाले, "तू पत्र लिही. तुझा चहा पाणचट होतो, मी तुझ्या आईला विचारलंय."

कारभार कसा चालतो ते मला हळूहळू कळलं. प्रत्येक राज्याची आपापली संघटना, ती आमच्याशी संलग्न. राज्य मोठं असो की टीचभर, वार्षिक सभेत सगळ्यांचं मत सारखं. त्यातून नऊ जणांची कार्यकारिणी निवडायची. अध्यक्ष कुणी मोठे गृहस्थ असायचे, ते उद्घाटनाला येत. बाकी सगळं काकू. स्पर्धा भरवायच्या, पंच तयार करायचे, वर्षाचा कार्यक्रम दिल्लीला पाठवायचा, आंतरराष्ट्रीय संघटनेच्या पत्रांना उत्तरं द्यायची. आणि मोठ्या आशियाई स्पर्धा आल्या की कामाची तीन ठिकाणं व्हायची. खेळाडू निवडायचे आम्ही, त्यांची नावं आयोजकांना पाठवायची सगळ्या खेळांच्या शिखर संस्थेनं, आणि खर्च मंजूर करायचा सरकारनं. तिघांपैकी एकाचाही कागद अडला की मुली घरी.

मी सांगतेय ती गोष्ट अशाच एका स्पर्धेच्या वेळची.

त्या वर्षी शिबिर भोपाळला होतं. कारखान्याच्या क्रीडा हॉलमध्ये सराव आणि जवळच्या वसतिगृहात राहणं. सोळा मुली होत्या. प्रशिक्षक होते आमचे सर, इंदूरचे, पन्नाशीतले, बोलायला तुटक, पण मुली त्यांच्यावर जीव टाकायच्या. सात वर्षं त्यांनी हा महिला संघ घडवला होता. त्यांची सहायक उज्जैनची, आधी त्यांच्याच हाताखाली खेळलेली, आता शाळेत शिक्षिका. तिला मी ताई म्हणायचे.

शेवटच्या दिवशी निवड झाली. तीन निवडकर्ते, सरकारकडून आलेला एक निरीक्षक, सगळ्याचं चित्रीकरण. सोळातून आठ, क्रमवारीनं. सातवी आली ती नेहरू नगरची, तिच्या वडिलांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. आठवी ईशान्येकडच्या एका डोंगराळ राज्यातली, तिची आई शाळेत मुलांची खिचडी शिजवायची. तिला हिंदी जेमतेम येत होती आणि तिच्या लेखी मोठं माणूस म्हणजे 'सर', त्यामुळे काकूही सर, काकाही सर, मीसुद्धा सर. सकाळच्या पोह्यांवर ती घरून आणलेली सुकी मिरची चुरडून घालायची आणि सगळ्यांना देऊ करायची. काकांनी एकदा घेतली. मग दोन दिवस त्यांचा आवाज बसला होता.

आठ नावं दिल्लीला गेली आणि त्या आठजणी सरावासाठी वसतिगृहातच राहिल्या. महिन्याभरानं दुपारी मंत्रालयाचा मेल आला. खोलीत काकू, सर आणि मी होतो. मी मोठ्यानं वाचलं. सरकारी खर्चानं नऊ जणांचं पथक मंजूर, सहा खेळाडू आणि तीन पदाधिकारी म्हणजे व्यवस्थापक, प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट. गेल्या स्पर्धेतला क्रमांक पाहता याहून जास्त खेळाडू देता येत नाहीत. उरलेल्या दोन खेळाडू संघटनेच्या किंवा स्वतःच्या खर्चानं जाणार असतील तर हरकत नाही.

"सहा?" सर म्हणाले. "चार कोर्टवर, दोन बाकावर. एकीचा पाय मुरगळला की झालं."

काकूंनी माझ्याकडून लॅपटॉप घेतला आणि स्वतः पुन्हा वाचलं. "आठ निवडल्यात," म्हणाल्या. "आठ म्हणजे आठ."

त्यांच्या आवाजात इतकी खात्री होती की मला वाटलं त्यांच्याकडे काहीतरी उपाय आहे. नव्हता. संघटनेजवळ दोन मुलींना परदेशी पाठवण्याइतकं काही नव्हतं, हे मला रजिस्टरवरून माहीतच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीचे, नेहरू नगरचे, आईवडील आले. बातमी त्यांना मुलीकडून कळली होती. वडील दिवाणाच्या अगदी कडेला बसले आणि एका दमात म्हणाले, "काकू, आम्ही भरतो. काय लागेल ते सांगा, मी जमवतो."

"आधी चहा घ्या," काकू म्हणाल्या. काकांनी चहा आणला.

"तुमची मुलगी सातवी आहे," काकू म्हणाल्या. "आठवीची आई भरू शकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. आज मी तुमच्याकडून घेतलं तर पुढच्या खेपेला भरू शकणारी मुलगी सातवी येईल. मग निवड कशाला करायची?"

"पण यात माझ्या मुलीची काय चूक?"

"काहीच नाही."

"मग?"

"मला चार दिवस द्या," काकू म्हणाल्या. ते दोघं गेले तेव्हा मुलीच्या आईनं गेटपाशी वळून माझ्याकडे पाहिलं. मी जणू काही करू शकणार होते.

त्याच दुपारी उपाध्यक्षांचा फोन आला. ते दुसऱ्या राज्याचे, व्यापारी माणूस, बोलायला गोड. काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला. "दीदी, चिंता मत कीजिए. मेरे एक मित्र हैं, दोनों बच्चियों का पूरा खर्चा उठा लेंगे. बस उनको टीम का मैनेजर बना दीजिए. ब्लेज़र पहनने का बड़ा शौक है बेचारे को."

"मैनेजर तो महिला होनी चाहिए ना, महिला टीम है," काकू म्हणाल्या.

"तो कुछ और बना दीजिए. बड़े साहब बना दीजिए!" ते हसले. काकूही हसल्या आणि उद्या सांगते म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "काकू, हो म्हणा ना. दोघी जातील. त्या माणसानं ब्लेझर घातला तर आपलं काय जातं?"

"मलाही तसंच वाटतंय," त्या म्हणाल्या. मला याची अपेक्षा नव्हती. "पण आज तो ब्लेझर मागतो. पुढच्या वर्षी त्याच्या भाचीला शिबिरात घ्या म्हणेल, आणि मी कुठल्या तोंडानं नाही म्हणू?"

काका दारात रजिस्टर घेऊन उभे होते. ते सगळं ऐकत होते. "मंजूर किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"नऊ. सांगितलं ना."

"मग नऊच पाठव. कोणते नग पाठवायचे ते तू बघ."

"अहो, माणसं आहेत ती, नग नाहीत."

"माणसं आहेत म्हणूनच सांगतोय. स्टोअरमध्ये आम्हाला मंजुरी यायची वजनाची. आत काय भरायचं ते आम्ही ठरवायचो."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "कागद घे." मी घेतला. "पथक नऊ जणांचं. आठ खेळाडू लिही." मी लिहिलं. "पदाधिकारी एक." मी थांबले. त्या बोटांवर मोजत होत्या. फिजिओ नको, क्रीडाग्रामात सगळ्या भारतीय पथकासाठी दोन-तीन असतात. व्यवस्थापक म्हणून त्यांचंच नाव गेलं होतं. "माझं नाव काट," म्हणाल्या.

"काकू, तुम्ही आजवर एकदाही गेला नाहीत."

"काट म्हटलं ना."

मी काटलं. मग उरलं एकच नाव, सरांचं. पण महिला संघाबरोबर निदान एक महिला पदाधिकारी असलीच पाहिजे असा नियम आहे. एकच जागा असेल तर ती बाईची. म्हणजे उज्जैनची ताई जाणार, व्यवस्थापकही तीच आणि प्रशिक्षकही तीच. सर घरी.

काकूंनी हे फोनवर सांगितलं नाही. सरांना बोलावून घेतलं. मी आत जायला निघाले तर म्हणाल्या, "बस तू. तुझ्याही समोर होऊ दे."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा फारसा बदलला नाही. "सात वर्षं झाली, मॅडम," म्हणाले.

"माहीत आहे मला. मीही नाही जात, सर. माझं नाव पहिलं काटलंय."

"तुम्ही नाही गेलात तरी पत्रावर तुमची सही असते," सर म्हणाले. "मी कोर्टाच्या कडेला उभा असतो, तेवढंच माझं असतं."

सर उठले, काकांना नमस्कार केला आणि गेले. त्यांचा चहा तसाच होता. स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत काकू खिडकीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर बोलला तो." आणि पुन्हा कागद पुढे ओढला.

त्या दिवशी मला त्यांचा थोडा रागही आला होता, हे लिहून ठेवते. सरांसाठी त्या भांडल्या का नाहीत, असं वाटलं. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "भांडून ती दहावी जागा कुठून आणणार होती?" आईचं बरोबर होतं, पण राग दोन दिवस राहिला.

पथकात बदल करायचा म्हणजे कार्यकारिणीचा ठराव हवा. सभा व्हिडिओवर घेतली. काका राउटरजवळ खुर्ची टाकून बसले होते, जणू त्यांनी हात लावून ठेवला नाही तर नेट जाईल. उपाध्यक्ष सुरुवातीलाच म्हणाले की एवढ्या मोठ्या स्पर्धेत व्यवस्थापकाशिवाय, अनुभवी प्रशिक्षकाशिवाय संघ पाठवणं म्हणजे देशाची बेअब्रू आहे, आणि खर्चाची सोय असताना हा हट्ट कशासाठी? त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. तीन जण त्यांच्या बाजूनं बोलले. मतं घेतली तर चार आणि चार. नववे आमचे खजिनदार, दक्षिणेतले, फार म्हातारे, प्रत्येक सभेत डुलक्या काढायचे. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता.

"सर, अनम्यूट कीजिए," मी म्हटलं. पुन्हा ओठ हलले. "सर, नीचे माइक का निशान है." त्यांनी कॅमेराच बंद केला. सगळे थांबले. मग काळ्या चौकोनातून आवाज आला, "आय ॲम टेलिंग फ्रॉम टेन मिनिट्स. आय ॲम विथ मॅडम."

ठराव एका मतानं मंजूर झाला. काकांनी राउटरवरून हात काढला.

पुढचं काम दिल्लीचं. सकाळच्या गाडीनं मी आणि काकू निघालो. काकांनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली होती, आणि फाइलीच्या दोन प्रती, एक हरवली तर असावी म्हणून. मंत्रालयाच्या त्या कचेरीत आम्ही बाकावर अडीच तास बसलो. दशम्या तिथेच खाल्ल्या. शेजारी दुसऱ्या एका खेळाचे दोघे जण आपली फाइल घेऊन बसले होते, त्यांनाही काकूंनी एक-एक दिली. त्यांचा प्रश्न आमच्या उलट होता. त्यांना दोन पदाधिकारी वाढवून हवे होते.

आत अधिकारी तरुण निघाला, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. त्यानं पत्र वाचलं आणि विचारलं, "मैनेजर के आगे जो नाम कटा है, वो किसका है?"

"मेरा," काकू म्हणाल्या.

तो पुन्हा वाचायला लागला. मग म्हणाला की मॅडम, खेळाडूंची संख्या क्रमांकावरून ठरते, सहा म्हणजे सहा, पदाधिकाऱ्यांच्या जागा खेळाडूंना देता येतील असं कुठे लिहिलेलं नाही.

"नहीं दे सकते, ऐसा भी नहीं लिखा है," काकू म्हणाल्या. त्यांनी गेल्या आशियाई स्पर्धेतल्या शेवटच्या सामन्याचा गुणतक्ता त्याच्यापुढे ठेवला. तेव्हा सहाच मुली गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी एकीला ताप, एकीचा पाय गेला, शेवटच्या गेममध्ये तिसरी पडली आणि आमच्या तिघीच कोर्टवर होत्या. "जिस रैंक की वजह से आप छह दे रहे हैं," काकू म्हणाल्या, "वो रैंक छह की वजह से आई है, बेटा."

बेटा शब्द त्यांच्या तोंडून निसटला. त्या लगेच "सर" म्हणाल्या. तो पहिल्यांदाच हसला. पण शब्द दिला नाही. "फाइल ऊपर भेजता हूँ," एवढंच म्हणाला.

आम्ही परत आलो आणि वाट बघत बसलो. शिखर संस्थेच्या पोर्टलवर नावं भरायची शेवटची वेळ एका शुक्रवारी संध्याकाळी पाच होती. गुरुवारपर्यंत काही आलं नाही. काकूंनी एक वाईट काम करून ठेवलं. सहाच नावं भरायची वेळ आली तर असावी म्हणून सातवी-आठवी वगळून यादी केली आणि बंद पाकिटात माझ्याकडे दिली. शुक्रवारी पावणेचारला मेल आला. मी उघडला आणि मोठ्यानं वाचायच्या आधीच काकांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. 'पथकाची एकूण संख्या न वाढवता' आठ खेळाडू आणि एक पदाधिकारी यांना मंजुरी.

तासाभरात नऊ अर्ज भरायचे. आठवीच्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. पोर्टल घेईना. मी वसतिगृहात फोन केला, तिला बोलावून घेतलं आणि विचारलं, खरं कुठलं? ती म्हणाली, "सर, दोनों मेरा है." काकू म्हणाल्या पासपोर्टचं घाल, विमानात तेच बघतात. पाचला आठ मिनिटं कमी असताना शेवटचा अर्ज गेला. काकू देवघरात गेल्या आणि काका शेव आणायला.

सर या सगळ्या दिवसांत ऑफिसला आले नव्हते. पण सराव त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता, हे मला ताईकडून कळत होतं. सकाळी सहाला हॉलमध्ये, संध्याकाळी चारला हॉलमध्ये. शनिवारी दुपारी ते आले. हातात एक जाड वही होती. आत येऊन दिवाणावर बसले आणि काकूंना म्हणाले, "आठवीच्या व्हिसाचं काय? तिच्या नावाचा घोळ आहे ना?"

"चाललंय," काकू म्हणाल्या. "चहा घेणार?"

"घेईन."

एवढंच बोलणं झालं. नंतर ते ताईला घेऊन बसले. कुठल्या देशाची कोणती मुलगी कुठे सर्व्हिस टाकते, कुणाला डावीकडे धावायला लावायचं, हे त्या वहीत सात वर्षांचं होतं. ताईला रडू फुटलं. तिला त्यांच्याऐवजी जायचं नव्हतं, ती पहिल्यापासून म्हणत होती. सर म्हणाले, "वही तिकडे उघडायची नाही. मुली घाबरतात. इथेच पाठ कर आणि तिकडे मुलींच्या तोंडाकडे बघ."

संघ गेला. सामने टीव्हीवर नव्हते. स्पर्धेच्या वेबसाइटवर गुण दिसायचे, एक-एक आकडा बदलायचा, तेवढंच. पुढच्या खोलीत आम्ही जमायचो. काकू, काका, सर, मी आणि नेहरू नगरचे आईवडील. वडील प्रत्येक वेळी घरून एक एक्स्टेंशन बोर्ड आणायचे, न सांगता. पहिला सामना आम्ही जिंकलो. दुसरा हरलो, तिसरा हरलो. चौथा जिंकलो असतो तर उपांत्य फेरी होती. शेवटचा गेम बरोबरीत चालला होता. सर आकडा बदलला की काय झालं असेल ते सांगायचे. "ही नक्की उजवीकडे मारली... ही पडली, उठली असेल, उठतेच ती..." त्यांनी कोर्ट बघितल्यासारखं सांगितलं आणि आम्ही ऐकलं. दोन गुणांनी हरलो.

मग सर म्हणाले, "गेल्या वेळी नऊ गुणांनी हरलो होतो यांच्याकडून." आणि उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

सातवी दुसऱ्या सामन्यापासून प्रत्येक सामना खेळली, आणि चांगली खेळली. आठवी एकही मिनिट खेळली नाही.

हे उपाध्यक्ष विसरले नाहीत. पुढच्या वार्षिक सभेत, सगळ्या राज्यांसमोर, ते हसत म्हणाले, "दीदी, आठवीं तो घूमने गई थी."

"गई तो थी ना," काकू म्हणाल्या. "मैंने सर्टिफ़िकेट पर वही लिखा है."

त्या प्रमाणपत्राचा अर्थ मला तोवर नीट कळला नव्हता. खेळाडूंच्या राखीव जागेवर सरकारी नोकरी हवी असेल तर देशाचं प्रतिनिधित्व केल्याचा कागद लागतो, ठरलेल्या नमुन्यात, राष्ट्रीय संघटनेच्या सरचिटणीसाच्या सहीचा. पथकात नाव असणं आणि जाणं, हे त्यात पाहतात. किती मिनिटं खेळली, याचा रकाना त्यात नसतो. काकूंना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. सांगितलं असतं तर कार्यकारिणीत लगेच कुणीतरी म्हणालं असतं, की ही खेळासाठी नाही, नोकरीसाठी पाठवतेय. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आठवी चांगली खेळाडू होती, म्हणून पाठवली. नोकरीचं आपलं माझ्या मनात होतं."

दीड वर्षानं एका सकाळी फोन वाजला. मी उचलला. "सर, मैं बोल रही हूँ," पलीकडून आवाज. "पुलिस में जॉइन हो गया, सर." मी स्पीकर लावून ओरडून काकूंना बोलावलं. त्यांचे हात कणकेचे होते, तशाच आल्या.

"अगं, खेलती है कि नहीं?" त्यांनी पहिलं हेच विचारलं.

"रोज़, सर. डिपार्टमेंट की टीम में. मम्मी को क्वार्टर में लेकर आई."

काकू तिला दहा मिनिटं काय काय सांगत होत्या, निम्मं मराठीत. तिला कितपत कळलं देव जाणे. ती प्रत्येक वाक्याला "जी सर" म्हणत होती. काकांनी फोन मागून घेतला आणि मिरची पाठवू नकोस असं बजावलं.

पुढच्या वर्षी काकूंची मुदत संपली. वयाची अट आहे, मुदतीची अट आहे, आणि काकूंनी ती दोन्ही दुसऱ्यांना लावलेली असल्यामुळे स्वतःसाठी पळवाट शोधायचा प्रश्न नव्हता. नवे सरचिटणीस दुसऱ्या राज्यातले आले. उपाध्यक्ष नव्हेत, ते मतांत पडले. दोन लोखंडी कपाटांतले कागद खोक्यांत भरून ट्रान्स्पोर्टनं गेले. काकांनी प्रत्येक खोक्यावर नंबर घातला, यादी केली, आणि नव्या माणसाची पोच आल्याशिवाय झोप लागणार नाही म्हणाले. पोच आली. गेटवरची पाटी उतरवली तेव्हा तिच्यामागे भिंतीचा मूळचा पिवळा रंग निघाला.

मी आता नेहरू नगरमध्ये एका शाळेच्या ऑफिसात आहे. सर कनिष्ठ संघ बघतात आणि पुढच्या स्पर्धेला त्यांचं नाव पथकात गेलंय. ताई अजून उज्जैनला शिकवते. रविवारी सकाळी कारखान्याच्या हॉलमध्ये जिल्ह्याचे सामने असले की काकू मला फोन करतात, "येतेस का?" आम्ही दोघी पायऱ्यांवर बसतो. त्यांच्या गळ्यात आता कुठलं ओळखपत्र नसतं, आणि पंचाला ओरडायला त्या मोकळ्या झाल्यात. परवा एका नव्या पंचानं त्यांच्याकडे वळून बघितलं आणि "माताजी, शांति से बैठिए" म्हटलं. काकूंनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "नेट फॉल्ट होता, त्यानं बघितला नाही. पण आवाज चांगला आहे पोराचा, पंच होईल तो."